हॉटेलच्या लिफ्टमधलं जेवण

आत्या: ...आणि बुधवारी?

बाबा: बुधवारी काय?

आत्या: बुधवारी रात्री काय जेवलात, ते विचारतेय.

बाबा: ताई, आल्या आल्या हे काय लावलंयस? पिशवी तरी खाली ठेव. बस. पाणी घे.

आत्या: पिशवी ठेवली. पाणी प्यायले. बुधवारी?

बाबा: बुधवारी... भाजलेल्या भोपळ्याचं सूप होतं. वर मलईचा एक थेंब.

आत्या: आणि?

बाबा: आणि लिंबाच्या रसातला मासा. कोवळ्या शेंगांबरोबर.

आत्या: असं. भिंगरे, इकडे ये गं जरा. बुधवारचा मासा कसा झाला होता?

भिंगरी: कुठला मासा?

बाबा: भिंगरी, तुझा अभ्यास झाला का?

भिंगरी: झाला. आत्या, बुधवारी आम्ही पाव आणि जॅम खाल्ला. गुरुवारी जॅम संपला, म्हणून बिस्किटं. मासा आपल्याकडे कधी होता, बाबा?

बाबा: झालं! घरचाच साक्षीदार फुटला.

आत्या: छोट्या, भाऊराया, तुलाच विचारतेय, मग हा मासा आला कुठून?

भिंगरी: लिफ्टमधून.

आत्या: लिफ्टमधून मासा?

भिंगरी: बाबा त्या मोठ्या हॉटेलातली लिफ्ट दुरुस्त करतोय ना, तिच्यात आजच्या जेवणाची पाटी लावलेली असते. बाबा ती वाचून येतो आणि रात्री आईला फोनवर म्हणून दाखवतो. मी समोर बसून ऐकते. पाव खात खात.

आत्या: अरे देवा.

बाबा: तू हसू नकोस गं. आठवडाभर तीच लिफ्ट उघडून बसलोय. मान वर केली की पाटी, खाली केली की पाटी. पहिल्या दिवशी हिच्या आईने विचारलं, जेवलात का, काय जेवलात, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं. ती इतकी खूश झाली! मग दुसऱ्या दिवशी पाव-जॅम कसा सांगू? रोज एकेक मजला वर चढत गेलो.

आत्या: मलईच्या थेंबापर्यंत.

बाबा: तो थेंब मी माझ्या मनाचा घातला. पण तुला हे सगळं कुणी सांगितलं?

आत्या: तुझ्या बायकोने. दुपारी दुकानात फोन आला, तेव्हा मी एका आजोबांच्या नाकावर चष्मा बसवत होते. म्हणाली, वन्सं, घरी जाऊन एकदा डोळ्यांनी बघून या. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतेय. मी आठ वाजता फोन करते.

बाबा: आज आठ वाजता?

आत्या: आज. उद्या सकाळी तिला तिथल्या रुग्णालयातल्या मोठ्या बाईंना सांगायचंय, शिक्षण पुरं करते की सोडून घरी येते.

बाबा: सोडून? का म्हणून? नवजात बाळांच्या कक्षात काम करायचं म्हणून किती वर्षं थांबली होती ती! इथल्या सगळ्या नर्सेसमधून तिची एकटीची निवड झाली. अर्ध्यावर आलंय आता. आणि मी जे काही बोललो ते तिला काळजी वाटू नये म्हणूनच ना?

भिंगरी: आई घरी येणार? खरंच?

आत्या: ते अजून ठरायचंय, बाळ. छोट्या, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं सांगते. म्हणाली, वन्सं, हा सांगतो ते खरं असेल तर घरात माझी गरजच काय? आणि खोटं असेल तर मी इथे काय करतेय?

बाबा: म्हणजे खरं असलं तरी पंचाईत, खोटं असलं तरी पंचाईत.

आत्या: दोन्हीकडची दारं तूच लावलीस रे. ती बिचारी मधे उभी आहे.

बाबा: ताई...

आत्या: नाही.

बाबा: मी अजून काही बोललोसुद्धा नाही!

आत्या: ‘आजच्या दिवस सांभाळून घे’ म्हणणार होतास. ते जमायचं नाही. खोटं बोलायचं नाही हा माझा नेम आहे, तुला माहितीय.

बाबा: चष्म्याच्या दुकानात बसून हा नेम चालतो तरी कसा तुझा?

आत्या: अवघड जातं. परवा एक बाई आरशासमोर उभ्या राहून विचारत होत्या, ही फ्रेम मला कशी दिसते? म्हटलं, फ्रेम छान दिसते, तुम्ही दिसत नाही.

भिंगरी: मग?

आत्या: मग त्यांनी दुसरी घेतली, साधी. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या बाई काल आपल्या बहिणीला घेऊन आल्या.

बाबा: म्हणजे आठ वाजता तू तिला पाव, जॅम, बिस्किटं, सगळं सांगणार.

आत्या: विचारलं तर सांगणार. आणि आज इथे जे बघेन तेही सांगणार. आठ वाजायला अजून वेळ आहे, छोट्या. मला काय दाखवायचं ते तू ठरव.

बाबा: ...भिंगरी, स्वयंपाकघरात काय काय आहे बघ.

भिंगरी: बटाटे आहेत. एकाला कोंब आलेत, पण लहान. गाजरं आहेत... ही वाकतात, बाबा, मोडत नाहीत. मसूर. तांदूळ. कांदे. अंडी. टोमॅटो दोन बरे, एक रडका.

बाबा: बघ ताई, सगळं आहे! तू पटकन काहीतरी टाक. तुझ्या हाताला चव आहे.

आत्या: मी हात लावला तर मला सांगावं लागेल, मी केलं. मी या खुर्चीवर बसते.

बाबा: निदान कांदा तरी चिर.

आत्या: कांदाही नाही. रडायचं तर तुझं तू रड.

बाबा: बरं. बरं! मसूर धुऊन चढवला. भिंगरी, बटाटे दे. आणि ऐक ताई, नुसतं आजचं नाही. मी आता सगळा आठवडाच मार्गी लावतो. रोज रात्री एक सूप, एक पालेभाजी, एक फळभाजी, कच्च्या भाज्यांची वेगळी वाटी, काहीतरी भाजलेलं, वर फळं चिरून. सोमवार ते शुक्रवार. एकही पदार्थ परत नाही. बाजारातून येतानाच...

भिंगरी: बाबा.

बाबा: काय?

भिंगरी: तू घरी आल्यावर बुटांसकट सोफ्यावर झोपतोस.

बाबा: आता नाही झोपणार.

भिंगरी: शुक्रवारी हातातल्या बिस्किटासकट झोपला होतास. मी ते काढून घेतलं.

आत्या: छोट्या, एक सांगू? मी पहिल्यांदा नेम धरला तेव्हा असाच मोठा धरला होता. पहाटे उठायचं, दुपारपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, एकदाच जेवायचं, संध्याकाळी तासभर प्रार्थना. काय सांगू, आठवडा निघाला नाही. भुकेने इतकी चिडचिडी झाले की मौन सोडून शेजारणीशी भांडले. देवाच्या आधी तिचीच क्षमा मागायला लागली.

बाबा: तू? भांडलीस?

आत्या: चांगली हातवारे करून. मग सगळं सोडलं आणि दोनच गोष्टी ठेवल्या. सकाळी पाच मिनिटं हात जोडून बसायचं आणि दिवसभर खरं बोलायचं. एवढंसं आहे, म्हणून रोज उचलता येतं. आजारी असले तरी, दुकानात गर्दी असली तरी.

बाबा: हं.

आत्या: तुला माझं ऐकायलाच हवं असं नाही.

बाबा: नाही, नाही. मी लिफ्टचा विचार करत होतो. आम्हाला सारखे फोन येतात, लिफ्ट बंद पडली, लवकर या. जाऊन बघावं तर काहीही बिघडलेलं नसतं. एक माणूस जास्त चढलेला असतो. दार मिटत नाही, नुसती शिट्टी वाजत राहते, आणि आतले सगळे एकमेकांकडे बघत उभे. मी काय करतो? हत्यारांची पिशवी खाली ठेवतो आणि म्हणतो, कृपा करून एकाने उतरा.

भिंगरी: मग मासा उतरव.

बाबा: मासा उतरवला.

भिंगरी: मलईचा थेंब पण.

बाबा: तोही गेला. पालेभाजी रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. वेगळी वाटी उतर. भाजलेलं उतर. काय राहिलं?

भिंगरी: भांडं.

बाबा: बरोबर! एक भांडं. रोज रात्री एकच भांडं चुलीवर. त्यात पोटभरीचं एक काहीतरी आणि दोन भाज्या. मसूर शिजतोय बघ, यातला निम्मा डब्यात काढून ठेवू. उद्या त्यात टोमॅटो आणि पाणी घालून उकळी आणली की सूप, सोबत पाव.

भिंगरी: रडका टोमॅटो पण?

बाबा: त्याला पहिला. आणि परवा अंडी. पण अंडी फिरती ठेवायची. ज्या दिवशी मला कामावरून ऐनवेळी बोलावणं येईल, त्या दिवशी अंडी आणि पाव, बाकी सगळं एक दिवस पुढे. बटाटे सकाळीच उकडून ठेवायचे. तू वेणी घालेपर्यंत होतात.

भिंगरी: माझी वेणी तू घालतोस. आणि ती सुटते.

बाबा: वेणीचं वेगळं शिकू. एका वेळी एक.

आत्या: गुरुवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी असते. गुरुवारी दोघं माझ्याकडे जेवायला या. हे मी फोनवर सांगू शकते, कारण हे खरं आहे.

बाबा: बघ! म्हणजे शुक्रवारच राहिला.

भिंगरी: शुक्रवारी मी ठरवणार.

बाबा: जॅम सोडून.

भिंगरी: हो, हो. जॅम सोडून. मला आता जॅमचा वाससुद्धा नको. पण वाटाणे हवेत. आणि वाटाणे मीच भिजत घालणार, शाळेत जायच्या आधी. कुणी मधे यायचं नाही.

बाबा: मान्य. चला, निम्मा मसूर डब्यात गेला. आता उरलेल्यात तांदूळ, बटाटे, कांदा, मीठ. गाजरं... गाजरं नरमच आहेत, ती शेवटी टाकू. काय, ताई? चेहरा का असा केलास?

आत्या: काही विचारलंस तर सांगेन.

बाबा: नाही, नाही. येतं मला. गाजर काय, लगेच होतं... हा फोन कुणाचा आत्ताच? हॅलो. हो, मीच. कुठली? मागच्या गल्लीतली? किती जण आहेत आत? आजींना म्हणावं, जमिनीवर बसून घ्या. पंखा चालू आहे ना? आणि दार ओढायचं नाही, कुणीही नाही. आलोच. ताई, जायला हवं. एक आजी अडकल्यात, बाजाराच्या पिशव्यांसकट.

आत्या: जा, जा. घाबरली असेल बिचारी.

बाबा: भिंगरी, पाण्याला उकळी आली की गाजरं टाक, वर झाकण ठेव आणि आच बारीक कर. पाणी आटलं की बंद. जमेल?

भिंगरी: जमेल. तू जा.

(दार लागतं. जिन्यावरून उतरणारे बूट ऐकू येतात, हत्यारं खळखळत दूर जातात. चुलीवर पातेल्याचं झाकण हळूहळू थरथरू लागतं.)

भिंगरी: आत्या, उकळी म्हणजे हीच ना?

आत्या: हीच.

भिंगरी: टाकली गाजरं. आच बारीक केली. तू खरंच उठणार नाहीस?

आत्या: नाही गं. इथूनच बघतेय. बस माझ्याजवळ.

भिंगरी: आत्या, मी पण खोटं बोलले. आई फोनवर विचारायची, सूप आवडलं का गं, आणि मी हो म्हणायचे.

आत्या: का म्हणायचीस?

भिंगरी: आईला छान वाटायचं ना. ती तिकडच्या बाळांचं सांगायची. एवढी एवढी असतात म्हणे, हाताच्या पंजात मावतील एवढी. एका बाळाने तिचं बोट धरलं आणि सोडेचना. ते सांगताना ती इतकी हसत होती. मी म्हटलं असतं की माझं पोट दुखतंय बिस्किटं खाऊन, तर तिने हसणं थांबवलं असतं.

आत्या: पोट दुखतं?

भिंगरी: थोडंसं. शाळेत, दुपारी.

आत्या: हं.

भिंगरी: हे पण सांगशील?

आत्या: ते तू सांग. तुझं तू सांगितलंस की बरं असतं.

भिंगरी: मला वाटतं आईने घरी यावं. आजच्या आज यावं. आणि मला असंही वाटतं की तिने त्या बाळांचं सगळं शिकून मगच यावं. त्यातलं एक खोटं असणार ना, आत्या?

आत्या: नाही गं राणी. दोन्ही खरं.

भिंगरी: दोन उलट गोष्टी खऱ्या कशा असतील?

आत्या: असतात. मी सकाळी हात जोडून बसते ना, तेव्हा कधी कधी म्हणते, देवा, मला हेही हवं आणि तेही हवं. तो काही रागावत नाही. ऐकून घेतो.

भिंगरी: मग देतो का?

आत्या: कधी एक देतो. कधी दोन्ही, पण वाट बघायला लावून.

भिंगरी: वाट बघणं मला येतं. आता चांगलं यायला लागलंय.

आत्या: ते दिसतंय मला.

भिंगरी: आत्या... वास येतोय.

आत्या: अगंबाई! भिंगरे, बंद कर! आधी आच बंद कर, मग झाकण काढ. फडक्याने धर, हात भाजेल.

भिंगरी: बंद केली. खाली सगळं काळं झालंय. आता काय करू? ढवळू?

आत्या: मी... मी खुर्चीवर आहे.

भिंगरी: ढवळलं.

बाबा: आलो! सुटल्या आजी. बाहेर आल्या आणि पिशवीतून मला एक संत्रं दिलं. म्हणाल्या, आत बसून मी दोन खाल्ली, तुझ्यासाठी एक ठेवलं. अरे, हा वास...

भिंगरी: बाबा, करपलं. मी आत्याशी बोलत बसले.

आत्या: मी तिला बोलत बसवलं. चूक माझी.

बाबा: बघू. वरचं तर ठीक दिसतंय. ताटल्या घे, भिंगरी. ताई, तुझ्यासाठीही. जेवताना तरी हात लावशील ना?

आत्या: जेवायला नेम आड येत नाही. वाढ.

भिंगरी: गाजर कच्चं आहे.

बाबा: कुठे कच्चं आहे? जरा... हो. कच्चं आहे.

भिंगरी: पण गरम आहे. बाबा, किती दिवसांनी गरम आहे! अजून वाढ.

आत्या: मीठ अगदी बरोबर पडलंय, छोट्या.

बाबा: खरंच?

आत्या: मला विचारतोस?

भिंगरी: फोन! आईचा फोन!

बाबा: ताई, तूच घे. माझे हात खरकटे आहेत.

आत्या: हात खरकटे, म्हणे. आण इकडे. ...हो, मीच बोलतेय. हो, इथेच आहे, सगळं बघितलं. ...नाही गं. मासा नव्हता. कधीच नव्हता. पाव आणि जॅम, आणि बिस्किटं. ...हॉटेलच्या लिफ्टमधे जेवणाची पाटी असते, ती वाचून सांगायचा. ...हसतेयस की रडतेयस? ...बरं, दोन्ही कर. ...आज? आज त्याने केलं. मी खुर्चीवरून उठले नाही. ...करपलंय. थोडं नाही, चांगलंच. गाजरं कच्ची आहेत. मीठ बरोबर. भिंगरीने दोनदा वाढून घेतलं. ...हो, माझ्या डोळ्यांसमोर. ...ते मी कसं सांगू? ते तूच ठरव. आधी लेकीशी बोल, तिला काहीतरी सांगायचंय.

भिंगरी: आई, मला मासा आवडला नव्हता, कारण मासा नव्हता. आणि बिस्किटांनी माझं पोट दुखत होतं. ...आत्ता नाही दुखत. आत्ता भरलंय. ...आई, त्या बाळाने बोट सोडलं का? ...आज डोळे उघडले? दोन्ही? ...हो, देते बाबाला. बाबा, घे. हात पुसून घे.

बाबा: बोल. ...हो. ...हो, चुकलं माझं. ...तुला काळजी नको म्हणून गं. ...कळलं, आता कळलं. ...ऐक ना, तुझी गरज नाही असं कसं म्हणतेस? इथे गाजर कधी घालायचं हेही कुणाला माहीत नाही! ...नाही, नाही, म्हणून येऊ नकोस! ...उद्या? उद्या मसूर आणि टोमॅटोचं सूप, मसूर शिजवून ठेवलाय. परवा अंडी. गुरुवारी ताईकडे. शुक्रवारी भिंगरी ठरवणार, वाटाण्याचं काहीतरी. ...नाही, एवढंच. रोज एकच भांडं. याहून जास्त चढवलं तर हलणार नाही. ...सांगेन. रोज खरं सांगेन, करपलं तर करपलं म्हणून सांगेन. ...ढवळलं का? भिंगरीने ढवळलं. ...ढवळायचं नसतं होय? ...बरं. ...आणि मोठ्या बाईंना काय सांगणार? ...बरं. उद्या याच वेळी. ठेवतो.

भिंगरी: काय म्हणाली? मोठ्या बाईंना काय सांगणार आहे ती?

बाबा: मीही तेच विचारलं.

आत्या: मग?

बाबा: म्हणाली, माझं शिकून होईपर्यंत भांडं तूच सांभाळ. उद्या सूप करशील ना, त्यातसुद्धा गाजर घाल. पण आधी.